नागपूरहून एकट्याने कोकण किनारा: रेडी ते दिघी, गाडीवर

कोकणात गाडीवर जायचं म्हटलं की नागपूरकराला आधी समृद्धी महामार्ग आठवतो. तो डोक्यातून काढा. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर दुचाकीला मनाई आहे, आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही. त्यामुळे रस्ता आपला आपणच आखावा लागतो. आखताना पहिला प्रश्न असा: किनारा वरून खाली करायचा की खालून वर?

बहुतेक जण पुण्याहून ताम्हिणी उतरून श्रीवर्धनला येतात आणि तिथून मालवणच्या दिशेनं निघतात. एकट्यानं जाणाऱ्यानं उलट करावं, म्हणजे आंबोली उतरून रेडी-शिरोड्याला किनारा गाठावा आणि वर दिघीपर्यंत यावं. याला तीन कारणं आहेत. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतो. उत्तरेकडे जाताना समुद्रही डावीकडेच असतो. थांबावंसं वाटलं की समोरून येणारी वाहनं ओलांडावी लागत नाहीत, समोरचं दृश्य पाहायला मान दुसऱ्या लेनपलीकडे वळवावी लागत नाही. दुसरं म्हणजे ऊन. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. खाली जाणाऱ्याच्या डोळ्यांवर तो दहा ते चार पडून असतो, वर येणाऱ्याच्या पाठीवर. तिसरं कारण खाड्यांचं. रेडीपासून जयगडपर्यंत सगळीकडे पूल आहेत. फेरीबोटी सुरू होतात जयगडपासून पुढे. म्हणजे लादलेली गाडी ओल्या लोखंडी पत्र्यावर चढवायची वेळ येते तेव्हा तिच्या वजनाची सवय झालेली असते.

कधी निघायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबरमध्ये विदर्भ-मराठवाड्यात रस्त्याच्या एका बाजूला सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि कोकणात दमट उकाडा असतो. मार्चनंतर परतीचा विदर्भ भाजून काढतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि घाटात दरडी, त्यामुळे तो विचारच नको.

या काळातही काही दिवस टाळा. २५ डिसेंबर ते १ जानेवारी किनाऱ्यावर खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट-तिप्पट भावानं. आंगणेवाडीच्या जत्रेला मालवण भरून जातं, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. कार्तिकीच्या आसपास पंढरपूर-सांगोला भागात मुक्काम ठरवू नका. परतताना १२ जानेवारी येत असेल तर सिंदखेड राजावरून जाऊ नका. जिजाऊ जयंतीला तिथं मोठी गर्दी लोटते.

दिवसांचा हिशेब

एकूण अडीच हजार किलोमीटर आणि पंधरा दिवस धरा. दहा दिवसांत होतं, पण मग किनाऱ्याचे दिवस कापले जातात, आणि ते कापायचे तर एवढं लांब जायचं कशाला?

जाताना बुटीबोरी–वर्धा–यवतमाळ–नांदेड–लातूर–तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ घ्या. पहिला मुक्काम नांदेड, साधारण साडेतीनशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सोलापूर ओलांडून सांगोला, तेवढंच अंतर. तिसऱ्या दिवशी मिरज, कोल्हापूर, मग निपाणीवरून आजरा. चौथ्या दिवशी सकाळी आंबोली उतरून सावंतवाडी आणि शिरोडा. चौपदरी रस्ता पाहून पहिल्याच दिवशी लातूर गाठायचा मोह होईल. एकट्या माणसाला मात्र चारशेच्या पुढे शेवटचा तास जड जातो. मागे बसलेलं कुणी नसतं, त्यामुळे डोळे मिटू लागल्याचं सांगणारंही कुणी नसतं. दर दीड तासाला उतरा, हेल्मेट काढा, पाच मिनिटं चाला.

या टप्प्यात दोन धोके खरे. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात पहाटे आणि संध्याकाळी रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रस्ता ओलांडतात. एक रोही गेली की मागून दुसरी येणार हे धरूनच चाला. लातूरपासून कोल्हापूरपर्यंत गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर असतात: दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाहेर आलेला. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. म्हणून सूर्य उगवल्यावर निघायचं आणि मावळायच्या आत खोली गाठायची. यात सूट घेऊ नका.

किनाऱ्यावर हिशेब बदलतो. महामार्गावर थांबे धरून ताशी पन्नास पडतात, सागरी मार्गावर पंचवीस ते तीस. दिवसाला ऐंशी ते एकशेवीस किलोमीटर पुरे. मुक्काम असे ठेवा: शिरोडा किंवा वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर, दापोलीजवळचं मुरुड किंवा आंजर्ले, श्रीवर्धन. देवगड–रत्नागिरी हा दिवस सगळ्यात लांब, कारण विजयदुर्गाहून वर जाताना वाघोटणची खाडी आडवी येते आणि पुलासाठी आत वळसा घ्यावा लागतो. त्या दिवशी सात वाजता निघा.

सूर्योदय-सूर्यास्त नागपूरपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा होतात. डिसेंबरात संध्याकाळचा उजेड थोडा जास्त मिळतो, पण पहाटे सहाला निघायची सवय इथं अंधारात घेऊन जाते.

आधी चिखलदरा

नागपूरच्या माणसाला सरळ आणि सपाट रस्त्याची सवय असते. घाट आपल्या रोजच्यात नाही. निघण्याआधी पंधरा दिवस पूर्ण सामान बांधून परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जाऊन या, किंवा सावनेर–छिंदवाडा रस्त्यावरचा सिल्लेवानी घाट चढून-उतरून या. बॅग कुठे घासते, पट्टा कुठे ढिला होतो, भार घेतल्यावर हॅन्डल हलतं का, हे तिथंच कळतं.

वजन वीस किलोच्या आत ठेवा. जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बॅगांत आणि सीटवर तुमच्या पाठीला लागून. मागच्या कॅरिअरवर जड बॅग टाकली की पुढचं चाक हलकं होतं आणि ऐंशीच्या वेगाला हॅन्डल थरथरू लागतं. रबरी हुकाच्या दोऱ्या वापरू नका; त्या ताणल्या जातात आणि तुटल्या तर चाकात जातात. कापडी पट्टे आणि बकल घ्या, आणि निघाल्यावर पन्नास किलोमीटरनी पुन्हा आवळा. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, एक-दोन खाचा वाढवा. मागचा भाग दबला की हेडलाइट वर जातो, तोही खाली करून घ्या.

गाडी

गाडी १०० सीसीची असो की ३५० ची, नीट असली की पुरते. इंजिन ऑइल बदलायला अडीच हजार किलोमीटरपेक्षा कमी उरले असतील तर आधीच बदला. टायरची नक्षी निम्म्याहून कमी असेल तर नवीन टाका, पण निघायच्या आदल्या दिवशी नको. नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर निसरडा असतो. हवा थंड टायरमध्ये, स्टिकरवर मागे बसणाऱ्यासकट दिलेल्या आकड्याइतकी भरा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलाच. ते हवेतली ओल शोषतं. सपाटीवर कळत नाही, पण लांब उतारावर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापला की त्यातलं पाणी उकळतं, वाफ दाबली जाते आणि लिव्हर सरळ मुठीला टेकतो. आंबोली आणि आंबा घाटात ब्रेक गेला म्हणतात त्यात पुष्कळदा एवढंच झालेलं असतं.

चेन घट्ट करून नेऊ नका. भार आल्यावर मागचं चाक वर दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर बेअरिंग आणि दाते खातात. साध्या गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध पंचवीस-तीस मिलिमीटर ढील असते, उंच गाड्यांना जास्त. आपला आकडा स्टिकरवर बघा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि सगळ्यात घट्ट जागा धरून ढील ठेवा. महामार्गावर पाचशे किलोमीटरला वंगण, किनाऱ्यावर रोज संध्याकाळी. रात्री, चेन कोमट असताना, खालच्या फेऱ्याच्या आतल्या बाजूनं मारा म्हणजे सकाळपर्यंत मुरतं. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोलनं धुऊ नका, रबर खराब होतं. रॉकेल किंवा चेन क्लीनर चालतो.

क्लच केबलचं एक काम घरीच करून ठेवा. नवी केबल जुनीच्या शेजारून, त्याच वाटेनं टाकीखालून ओढून घ्या, दोन्ही टोकांना ग्रीस लावून प्लास्टिकची पिशवी गुंडाळा आणि चार ठिकाणी झिप टायनं बांधा. केबल तुटली तर टाकी उचलायची गरज नाही. जुनीची टोकं सोडा, नवीची अडकवा, ढील जुळवा, दहा मिनिटांत गाडी सुरू. केबल बहुधा लिव्हरजवळच्या शिशाच्या गोळीपाशी तुटते, आणि आधी एक-एक तार सुटते. आठवड्यातून एकदा रबर मागे सारून बघा.

सोबत हे असू द्या: चाकाचा पाना, १० ते १७ चे पाने, ॲलन की, ॲक्सिलरेटर केबल, प्लग आणि प्लग पाना, आपल्या गाडीत लागणारे फ्यूज, चेन लॉक, एम-सील, इन्सुलेशन टेप, हातपंप. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट. तारांच्या चाकाला ट्यूब असते, तेव्हा दोन्ही मापांच्या नव्या ट्यूब आणि टायर काढायचे लोखंड. किनाऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे माणूस भेटतो, तुमच्या मापाची ट्यूब भेटेलच असं नाही. चाक स्वतः काढून ट्यूब बदलण्याचा एक सराव घरच्या अंगणात करा. त्यात आपला पाना लागत नाही हे कळलं तर ते नागपुरात कळलेलं बरं.

घाट आणि अरुंद रस्ते

आंबोलीत हिवाळ्यातही सकाळी धुकं असतं. नऊनंतर उतरा. ज्या गियरवर चढली असती त्याच गियरवर उतरवा, न्यूट्रलवर कधीच नाही. ब्रेक धरून ठेवू नका. दाबा, वेग पाडा, सोडा. उजव्या वळणावर लेनच्या डावीकडे राहा. तुमची चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी झुकलेलं डोकं आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे जातो, आणि समोरून येणाऱ्या एसटीला वळायला तीच जागा लागते. रस्ता अरुंद असेल तिथं चढणाऱ्याचा हक्क पहिला.

खाली उतरल्यावर रस्ते एका गाडीपुरते, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि समोरच्याचा ऐका. म्हणून कानात गाणी नकोत. घसरायच्या जागा ओळखून ठेवा: वळणाच्या बाहेरच्या कडेला साचलेली जांभ्याची बारीक खडी, सुरूच्या बनाखालच्या सुयांसारख्या पानांचा थर, आणि बंदरांजवळ मासळीच्या गाड्यांतून गळलेलं पाणी. हर्णै, मालवण, देवगड, रत्नागिरी इथं सकाळी ते पाणी रस्त्यावर असतंच. अशा ठिकाणी झुकू नका, ब्रेक नको, गाडी सरळ ठेवून हळू पार करा. आणि गाडी माडाखाली लावू नका.

खाडी ओलांडणं

या मार्गावर तीन बोटी येतात: जयगड–तवसाळ, धोपावे–दाभोळ, वेसवी–बागमांडला. अलिबागपर्यंत जायचं असेल तर चौथी दिघी–आगरदांडा. गाड्या नेणाऱ्या या बोटीला इथं ‘जंगल जेटी’ म्हणतात; रस्ता विचारताना तेच म्हणा, लगेच सांगतात. नुसतं ‘तर’ विचाराल तर माणसांच्या लहान होडीकडे पाठवतील. फोनवरचा नकाशाही हीच चूक करतो. पैसे रोख, सुटे ठेवा.

चढण्याआधी बॅगांचे पट्टे आवळा, चष्मा-फोन खिशात घाला. समोरची गाडी पूर्ण आत गेल्याशिवाय उतारावर येऊ नका, मध्ये थांबलात तर पाय टेकायला निसरडी जागा मिळते. पहिला गियर, क्लच अर्धा, गाडी सरळ, फक्त मागचा ब्रेक. धक्क्याचं काँक्रीट संपून लोखंडी पत्रा सुरू होतो तिथं बोटभर उंबरा असतो; तो तिरका घेतला की पुढचं चाक सरकतं. पत्र्यावर खारं पाणी आणि डिझेल असतं, तिथं पुढच्या ब्रेकला हात लावला तर गाडी आडवी. आत गेल्यावर पहिल्या गियरमध्येच इंजिन बंद करा, साइड स्टँड लावा, हॅन्डल डावीकडे लॉक करा, पुढचा ब्रेक लिव्हर रबरबँडनं मुठीला बांधून टाका. आणि गाडीजवळ उभे राहा. कठड्यावरून खाडी छान दिसते, पण लाट आली की गाडी धरायला दुसरं कुणी नाही. उतरताना रबरबँड काढायला विसरू नका.

भरती-ओहोटीचा अंदाज कोकणात तिथीवरून बांधतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही. सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, बेत आखायला पुरतं. उपयोग असा: पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाचच्या सुमाराला मोठी ओहोटी असते, धक्क्याचा शेवाळलेला खालचा भाग उघडा पडतो. त्या दिवशी दुपारच्या आत खाडी ओलांडा.

बोट बंद असली तर घाबरून रात्री वळसा घेऊ नका. दाभोळसाठी चिपळूण–खेड–दापोली असा शंभराच्या आसपास किलोमीटरचा रस्ता आहे, बाणकोटच्या खाडीसाठी म्हाप्रळ–आंबेत पूल आहे. तो सकाळचा बेत.

मीठ, वाळू, पेट्रोल

गाडी वाळूवर नेऊ नका. साइड स्टँड रुततो, क्लच जळतो, वाळू चेनमध्ये जाते, आणि एकट्यानं रुतलेली गाडी निघत नाही. तोवर भरती येते. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं वाळूखाली असतं, वरून दिसत नाही आणि चाकाखाली जातं. एवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

किनाऱ्यावर उभी केलेली गाडी नुसत्या वाऱ्यानंही खारावते. रोज संध्याकाळी बादलीभर गोड्या पाण्यानं फोर्कच्या नळ्या, चाकं, इंजिनची खालची बाजू धुवा. प्रेशरचा फवारा बेअरिंगवर मारू नका. सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसला तर तो गंज वरवरचा असतो, पहिल्या दोन ब्रेकात निघतो.

टाकी निम्मी झाली की भरा, आणि तालुक्याच्या गावातून पुढे जाताना भरूनच निघा. वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर, दापोली, श्रीवर्धन. मधल्या गावांत पंप धरून चालू नका. नेटवर्क जातं तेव्हा यूपीआयही जातं; तीन-चार हजार रोख दोन ठिकाणी ठेवा आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

खोलीसाठी ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशा पाट्यांची घरं निवडा. गाडी आवारात आत येते, माणसं रात्री चौकशी करतात. जेवण सांगितल्याशिवाय बनत नाही, म्हणून दुपारी दोनच्या आत फोन करा. दुपारचं मासळीचं ताट पूर्ण खाल्लं तर तासभर गाडी चालवू नका.

एकट्यानं समुद्रात कमरेपुढे जाऊ नका, गावातली माणसं पोहत असली तरी. घरी दोन वेळा ठरवून द्या, दुपारी एक आणि संध्याकाळी सात. सातचा फोन चुकला तर घरच्यांनी ज्या मुक्कामाला जाणार होता तिथं आधी फोन करायचा, त्याचा नंबर सकाळीच पाठवून ठेवायचा. अपघाताला ११२. रक्तगट आणि घरचा नंबर कागदावर लिहून हेल्मेटच्या आत चिकटवा. फोन लॉक असतो.

परत

दिघी किंवा श्रीवर्धनहून म्हसळा, माणगाव, ताम्हिणी, पुणे. पुण्यात एक पूर्ण दिवस थांबा. चेन, पॅड, तारा, नट तपासून घ्या, झोप पुरी करा. पुढे अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा, मध्ये दोन मुक्काम. अंग साथ देत नसेल तर पुण्याहून गाडी रेल्वेच्या पार्सलनं नागपूरला पाठवा: आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकी रिकामी करावी लागते, आरसे काढून गोणपाट बांधून घ्यावं लागतं.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कॅलिपरच्या पिना काढून साफ करून ग्रीस लावा, स्टँड आणि फूटरेस्टच्या सांध्यांत तेल सोडा, वायरिंगचे कनेक्टर उघडून पांढरा-हिरवा थर आलाय का बघा आणि आला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसा. नागपूरच्या कोरड्या हवेत खार लगेच जाणवत नाही; पावसाळा लागला की तोच ओल धरतो आणि जुलैत हॉर्न, इंडिकेटर एकेक करून बंद पडू लागतात.